न म्हटलेला शह

थिटेआप्पांबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून मी बसलेलो नाही. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिलो. पण परवा जावई आले होते. जेवण झाल्यावर आम्ही बुद्धिबळाचा पट मांडला. दहाव्या-बाराव्या खेळीला त्यांनी माझ्या राजावर उंट रोखला आणि तोंडातून अवाक्षर न काढता बडीशेप चघळत बसले. मी म्हणालो, "शह म्हणायचं असतं." ते म्हणाले, "असा नियम कुठे आहे, बाबा? दिसतोय की." असा नियम कुठेच नाही हे आता मलाही माहीत आहे. एके काळी तो शिरूर आणि दौंड एवढ्या टापूत होता. त्या नियमाने एका चांगल्या माणसाच्या हातातोंडाशी आलेलं हिसकावून घेतलं, आणि तो नियम लिहिणाऱ्याचं नाव दामोदर थिटे. जावयांना यातलं काही सांगितलं नाही. डाव मात्र तिथेच मोडला.

आप्पा शिरूरला कचेरीबाहेर लिंबाखाली बसत. धंदा दस्त लिहिण्याचा. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, जे म्हणाल ते लिहून देत. पुढ्यात उतरतं लाकडी डेस्क, शाईची दौत, टाक आणि बाजूला पत्र्याची पेटी. अंगाने किडकिडीत, धोतर घोट्याच्या वर, आणि कोटाच्या वरच्या खिशात सहा इंची पट्टी. ही पट्टी कशाला लागते असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "समास सोडाया." कागदाच्या कडेची मोकळी जागा त्यांच्या दस्तात केसभरही कमीजास्त होत नसे. माणसांनाही ते तसाच समास सोडून भेटत. मी पोस्टात कारकून होतो आणि दुपारच्या सुट्टीत रोज त्या लिंबाखालून जायचो, पण त्यांनी मला कधी 'बसा' म्हटल्याचं आठवत नाही.

कुणी नमस्कार केला तर ते नमस्कार करायचे नाहीत, "मजकूर काय हाय?" असं विचारायचे. हा त्यांचा ठरलेला प्रश्न. अर्ज असो, भांडण असो, नाही तर कुणाच्या घरची मयत असो, आप्पांना आधी मजकूर हवा. जे मजकुरात नाही ते त्यांच्या लेखी घडलेलंच नसे. घरी जेवताना ते "सदरहू भाजीत मीठ न्हाई" असं म्हणतात, अशी गावात थट्टा होती. मी ती थट्टाच समजत होतो. पुढे त्यांच्या बायकोला, यमुनाकाकूंना, गमतीने विचारलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, त्यावरून काय ते समजलो.

या काकूंवरूनच माझं आणि आप्पांचं पहिल्यांदा फाटलं. माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः त्यांच्या हातात दिली होती. घाईत पाकिटावर नुसतं 'श्री. दामोदर थिटे यांस' एवढंच लिहिलं गेलं, 'सहकुटुंब' राहून गेलं. लग्नाला आप्पा एकटे आले, अक्षता टाकल्या, पंगतीला बसले. काकू कुठे आहेत असं आईने विचारलं, तर जिलबीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "पत्रिकेत न्हाईत." आई तशीच ताट वाढून त्यांच्या घरी गेली. काकूंनी दार उघडलं ते ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात फूल घालून. आईला म्हणाल्या, "ह्यांनी पाकीट दावलं मला. मी म्हणलं, बरं." आई परत आली ती डोळे पुसत, आणि चूक माझ्या पाकिटाची असली तरी मी आप्पांना मनातल्या मनात त्या दिवशी जे काही म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा माणसाला आम्ही आमच्या बुद्धिबळाच्या लीगचा पंच केलं. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतला, दुसरं काय. दुष्काळ सरला त्या वर्षी आम्ही चार गावांनी मिळून सामने सुरू केले होते. शिरूर, दौंड, पाबळ आणि चौथं एक गाव, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे येईल. प्रत्येक संघाचे चार पट, रविवारी सामना, आणि खेळायची पद्धत आमची देशी. म्हणजे प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं, आणि राजाला सबंध डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची. मात्र त्याआधी राजाला एकदा जरी शह लागला तर ती उडी गेली. सगळी भांडणं या उडीवरून होत. मी तर शह दिलाच होता, मग ऐकलं कसं नाही, तू म्हणालासच कुठे, असं करता करता पहिल्याच वर्षी शिरूरला एकाने दुसऱ्याच्या डोक्यात लाकडी पट घातला. तेव्हा सगळ्यांचं ठरलं की नियम लिहून काढू. आणि लिहायचं म्हटल्यावर लिंबाखाली जाण्यावाचून इलाज नव्हता.

आप्पांनी नियम लिहिले ते स्टॅम्पपेपरवर. सत्तावीस कलमं, दोन्ही बाजूंना समास सोडून. त्यातलं नववं कलम मला आजही पाठ आहे: 'शह तोंडाने, स्पष्ट, समोरच्यास ऐकू जाईल असा म्हणावा. न म्हटलेला शह लागला असे धरू नये.' आम्हाला ते फार आवडलं. पट डोक्यात घालायचं कारणच उरलं नाही. चारही गावांच्या सोळा खेळाडूंनी खाली सह्या केल्या. कुणीतरी चेष्टेने म्हणालं, आडनाव थिटे आन् कलमं लांब. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याची सही दुसऱ्यांदा घेतली, पहिली हसता हसता केली होती म्हणून.

ते स्वतः कधी खेळत नसत. त्यांना खेळता येतं की नाही हेही कुणाला माहीत नव्हतं. पण पंच म्हणून असे बसत की खेळणाऱ्याला घाम फुटावा. पट्टीने मोहरी घराच्या मध्यावर आहेत का बघत. कुणी प्याद्याला बोट लावलं की ते प्यादं चालवायला लावत, मग तो डाव हरला तरी चालेल. दौंडकरांना शिरूरचा पंच कसा चालला असं आज कुणी विचारेल. चालला, कारण आप्पा आम्हालाच जास्त कापत. एकदा आम्ही दौंडला निघालो आणि निमोण्याजवळ एष्टी पंक्चर झाली. आप्पा आमच्याच एष्टीत, आमच्याच बाकावर. दुसरी गाडी मिळून दौंडला पोचलो, धावत हॉलमध्ये शिरलो, तर आमच्याबरोबर आत आलेल्या आप्पांनी खिशातून घड्याळ काढलं आणि जाहीर केलं की शिरूर संघ चाळीस मिनिटं उशिरा आल्यामुळे त्याचे दोन पट गेले. मी म्हणालो, "आप्पा, तुम्हीही त्याच एष्टीत होतात." ते शांतपणे म्हणाले, "मी पंच म्हणून हुतो. तुम्ही खेळाडू म्हणून." त्या दोन पटांत एक माझा होता.

आमच्या पहिल्या पटावर बबन साळवे बसायचा. नदीकडच्या भीमनगरात राहायचा, विजेच्या ऑफिसात वायरमन होता. सावळा, मनगटं भक्कम, बोलणं अगदी कमी. खांबावर चढलेला असताना तो मनातल्या मनात डाव मांडतो असं म्हणत, आणि मला ते खरं वाटायचं, कारण पटावर त्याला विचार करायला फारसा वेळ लागायचा नाही. त्याला खेळ शिकवला होता शाळेतल्या जाधव गुरुजींनी. शाळा सुटल्यावर गुरुजी त्याला थांबवून घेत आणि खडूने फरशीवर पट आखून खेळत. आमच्या शिरूरात त्या काळी बबनच्या समोर बसून त्याच्या हातचा चहा प्यायला नको म्हणणारे लोक होते, तिथे गुरुजी त्याच्याबरोबर एकाच फरशीवर मांडी घालून बसायचे. निवृत्त झाल्यावर गुरुजी मुलाकडे दौंडला गेले. मुलगा रेल्वेत होता.

आता त्या चौथ्या गावाची गोष्ट. तिथे आमचा सामना शाळेच्या खोलीत होता. तीन पट आत मांडले आणि उरलेला एक, म्हणजे बबनचा पहिला पट, बाहेर पडवीच्या पायरीवर. आत जागा नाही म्हणाले. आत अजून दहा पट मावले असते. बबन पायरीवर बसायला निघाला. मी काही बोललो नाही, आणि त्याची मला लाज वाटते. आप्पांनी पेटी उघडली, स्टॅम्पपेपर काढला आणि कलम पाच वाचलं: 'सर्व पट एका छपराखाली, एका पातळीवर मांडावेत.' मग पट्टीने पायरीची उंची मोजली. "सहा इंच खाली हाय," म्हणाले, आणि त्या गावाचे चारही पट बाद केले. गावातले लोक खवळले, एकाने आप्पांच्या कोटाची बाही धरली. आप्पा त्याला म्हणाले, "बाही सोडा, आन् सही कुणाची हाय ती बघा." सरपंचांचीच होती; तेही त्या संघातून खेळत. आम्ही न खेळता जिंकून परत आलो, आणि सगळ्या वाटेत मी या माणसाकडे बघत राहिलो. मला वाटलं, मी याला ओळखलंच नव्हतं. ते वाटणं पुरतं चार महिने टिकलं.

त्याच वर्षी पुण्याहून, जिल्ह्याच्या बुद्धिबळ संघटनेकडून, माझ्या नावे पत्र आलं; लीगचा पत्रव्यवहार मी बघायचो. लीगच्या पहिल्या पटावर जो सर्वांत पुढे राहील त्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवा, असं त्यात होतं. बबनचा एकही डाव गेला नव्हता. शेवटचा दौंडबरोबरचा जिंकला की तो पुण्याला जाणार. भीमनगरात ही बातमी पोचल्यावर त्याच्या घरी माणसांची रीघ लागली. शिरूरच्या नावाने पुण्यात जाऊन खेळणारा त्यांच्यातला तो पहिला होणार होता. बबनने रजेचा अर्ज आधीच लिहून ठेवला, तारखेची जागा तेवढी कोरी सोडून. मला पोस्टात येऊन दाखवून गेला. अर्जाला डावीकडे चांगला समास सोडलेला होता. म्हणाला, "आप्पांसारखा लिवलाय."

तो सामना दौंडला रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये झाला. खिडकीबाहेर इंजिनांचं पुढेमागे करणं चाललेलं, मधूनच शिट्टी वाजली की पटावरची मोहरी थरथरायची. दौंडच्या पहिल्या पटावर बसले होते जाधव गुरुजी. बबन त्यांच्या पाया पडला आणि मग समोर बसला. त्या दिवशी मी खेळत नव्हतो; पहिल्या पटाच्या खेळ्या वहीत टिपायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मी दोघांच्या मध्ये, हाताच्या अंतरावर होतो.

पंधराव्या खेळीला बबनने उंट सरकवला. गुरुजींच्या राजाला सरळ शह. बबनने गुरुजींकडे न बघता, खालच्या आवाजात म्हटलं, "गुरुजी, राजाकडं बघा." गुरुजींनी हसून मान डोलावली आणि घोडा मध्ये घालून शह अडवला. मी वहीत लिहिलं, 'उंट, शह.'

पुढे दीडेक तासाने डाव बबनच्या मुठीत आला. गुरुजींचा राजा आपल्याच प्याद्यांच्या मागे कोपऱ्यात कोंडला गेला होता, आणि पुढच्या खेळीला बबनचा हत्ती मात करणार हे मलाही दिसत होतं. गुरुजींनी बराच विचार केला. मग त्यांनी राजा उचलला आणि अडीच घरांची उडी मारून प्याद्यांच्या पलीकडे नेऊन ठेवला. बबन म्हणाला, "गुरुजी, उडी न्हाई राहिली. मगाशी शह बसलाय." गुरुजी म्हणाले, "अरे हो की, विसरलोच," आणि राजा मागे घ्यायला त्यांनी हात पुढे केला. एवढ्यात दौंडचे संघप्रमुख देसाईबाबू, जे मालधक्क्यावर कारकून होते आणि मघापासून मागेच उभे होते, ते म्हणाले, "थांबा. शह म्हणालेत कुठं हे?" आणि त्यांनी आप्पांना हाक मारली.

आप्पा आले. उभ्या उभ्याच बबनला विचारलं, "शह म्हणला का?"

"म्हणलो की. राजाकडं बघा म्हणलो."

"मतलब सांगू नका. शह हा शब्द म्हणला का?"

बबन म्हणाला, "गुरुजी हायेत, आप्पा. पट ह्यांनीच शिकवला. ह्यांच्या तोंडावर शह कसा म्हणायचा?"

आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला दार लावून घ्या म्हणतानाही आपण आधी चार शब्द गोड बोलतो. बबन काय म्हणतोय हे त्या हॉलमधल्या प्रत्येक माणसाला समजलं होतं, देसाईबाबूंनाही. आप्पांना समजलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "मला शह लागला होता, आप्पा. म्हणून तर घोडा मध्ये घातला." आप्पा म्हणाले, "घोडा तुम्ही तुमच्या मर्जीनं घातला. ऐकला का?" गुरुजी म्हणाले, "कळला." आप्पा म्हणाले, "कळल्याचं कलम न्हाई."

मग ते माझ्याकडे वळले. माझी वही घेतली, पंधराव्या खेळीवर बोट ठेवलं. "हितं शह लिवलाय. ऐकून लिवला का बघून?" आणि लगेच त्यांनी विचारलं, "त्या टायमाला शिट्टी वाजत हुती का?" हा प्रश्न त्यांनी का विचारला यावर मी पुढे वर्षानुवर्षं विचार केला आहे. शिट्टी वाजत होती म्हटलं असतं, तर शब्द शिट्टीत बुडाला असं म्हणायला वाव होता. एक शब्द खोटं बोलायचं होतं. पण आप्पा समोर उभे असले की माणसाला खोटं सुचतच नसे, जीभ जड होई. मी म्हणालो, "नाही." त्यांनी विचारलं, "मग काय ऐकलं?" मी म्हणालो, "राजाकडं बघा."

आप्पांनी स्टॅम्पपेपर काढून नववं कलम मोठ्याने वाचलं, ते त्यांना आणि आम्हाला सगळ्यांना पाठ असूनही. मग म्हणाले, "उडी कायम."

गुरुजी उठून उभे राहिले, म्हणाले, मी डाव सोडतो. आप्पांनी एकोणिसावं कलम सांगितलं. डाव सोडायचा हक्क खेळाडूचा नाही, संघप्रमुखाचा. देसाईबाबू सोडायला तयार नव्हते. बबननेच गुरुजींना खाली बसवलं आणि म्हणाला, "खेळा गुरुजी. नीट खेळा, माझ्यासाठी म्हणून वाईट खेळू नका." ते नीट खेळले. बबनचं मात्र लक्ष उडालं होतं. पाच खेळ्यांत त्याने घोडा घालवला, मग हत्ती, आणि दिवेलागणीच्या आधी तो डाव हरला. त्याला मात झाली तेव्हा गुरुजींनीही शह म्हटलं नाही, नुसता वजीर ठेवला आणि चष्मा काढून पुसत बसले. आप्पांनी तिथेही नऊ नंबरचं कलम काढलं आणि गुरुजींना शह म्हणायला लावलं. त्या क्षणी मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. हे मी लिहितो आहे कारण ते खरं आहे.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. म्हणालो, "त्या गावात तुम्हीच याच्यासाठी कलम काढलं होतंत, आप्पा. आज तुम्हाला काय झालं?" ते पेटीची कडी लावत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याच्यासाठी न्हाई काढलं. छपरासाठी काढलं." तेवढ्यात बबन मागून आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "आप्पा," तो म्हणाला, "गुरुजींम्होरं जीभ वळली न्हाई माझी. तुमच्याम्होरं वळंल. एकदा बसा माझ्यासंगं." आप्पा म्हणाले, "मी खेळत न्हाई. पंच हाय." आणि एष्टी स्टँडकडे चालू लागले. परतीच्या गाडीत ते पुढच्या बाकावर एकटे बसले होते. त्यांच्याशेजारची जागा रिकामी होती आणि आमच्यातले तिघे दौंड ते शिरूर उभ्याने आले, पण त्या जागेवर कुणी बसलं नाही.

जिंकलेले गुरुजी पुण्याला गेलेच नाहीत. तब्येत बरी नाही असं त्यांनी कळवलं. शिरूर-दौंडकडून त्या वर्षी पुण्याला कुणीच गेलं नाही. बबनने रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आणून ठेवला, म्हणाला, "ठिवा तुमच्याकडं, पोस्टात कागद लई असतात." तारखेची जागा कोरीच होती. लीगमध्ये तो पुन्हा खेळला नाही. वर्षाच्या सभेत मी दुरुस्ती मांडली की 'शह किंवा त्या अर्थाचे कोणतेही शब्द' चालावेत. आप्पांनी विचारलं, "त्या अर्थाचे म्हंजी कोणते? यादी द्या." मी यादी देऊ शकलो नाही. दुरुस्ती पडली. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. पोस्टात आले की कार्डं त्यांच्या पुढ्यात सरकवायचो, हूं नाही की चूं नाही. दोन वर्षांनी माझ्या ध्यानात आलं की मी अबोला धरला आहे हे त्यांना कळलेलंच नाही.

नंतर पुण्याहून छापील नियमांची पुस्तिका आली, साऱ्या जगात चालणाऱ्या नियमांची. त्यात राजाची उडी नव्हती आणि शह म्हणायचंही बंधन नव्हतं. मी अबोला मोडून ती पुस्तिका लिंबाखाली नेली आणि ते पान उघडून त्यांच्या डेस्कवर ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, शेवटचं पान उलटून पाहिलं आणि पुस्तिका परत दिली. "छापील हाय," म्हणाले. "सही कुणाची?" मी परत फिरलो. हळूहळू लीगही बंद पडली.

त्यानंतर एका थंडीत आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. लिंबाखालचं डेस्क उचललं गेलं. मला वाईट वाटलं नाही. एका रविवारी दुपारी बबन माझ्या दारात आला, काखेत पट. म्हणाला, "चला, आप्पांकडं जाऊ." मी म्हणालो, कशाला, आता काय राहिलंय तिथे. तो म्हणाला, "मला त्यांना शह म्हणायचाय." मी चप्पल घातली.

यमुनाकाकूंनी दार उघडलं. आप्पा खाटेवर लोडाला टेकून बसले होते, तोंड डावीकडे ओढलेलं. बबनने त्यांच्या पुढ्यात पट मांडला आणि म्हणाला, "आता पंच न्हाई तुम्ही. खेळा." मला वाटलं, मान फिरवतील. त्यांनी डाव्या हाताने आपली मोहरी एकेक करून घराच्या मध्यावर नीट केली आणि प्यादं पुढे सरकवलं.

आणि ते खेळले. मी थक्क झालो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पटाशेजारी बसून या माणसाने काय काय टिपून ठेवलं होतं कोण जाणे. बबनने थोड्याच खेळ्यांत त्यांच्या राजावर वजीर रोखला आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शह, आप्पा." काकू स्वयंपाकघरातून दाराशी आल्या. आप्पांनी राजा हलवला. बबन पुन्हा म्हणाला, "शह." पुन्हा म्हणाला, "शह, आप्पा." प्रत्येक वेळी त्यांच्या डोळ्यांत बघून. त्याने एवढी वर्षं साठवलेलं सगळं त्या एका शब्दात होतं, आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

मग आप्पांनी डाव्या हाताने उंट उचलला. तिरपा, लांबून आणला आणि बबनच्या राजावर रोखून ठेवला. सुंदर खेळी होती. राजाला बाजूला सरायला एकच घर होतं आणि तिथे गेला की वजीर जाणार होता. आप्पांनी बबनकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. ओठ हलले. श निघाला नाही, नुसता वारा निघाला. पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला. काकूंनी पदर तोंडाला लावला. बबन पटावर हात न नेता वाट बघत बसला. मला ते बघवेना. ज्याचा मी एवढा द्वेष केला त्या माणसासाठी मीच म्हणालो, "शह."

आप्पांची मान माझ्याकडे गर्रकन वळली. डोळ्यांत असा संताप की मी मागे सरकलो. डाव्या हाताचं बोट त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे केलं आणि मग नाही, नाही असं हलवलं. चौदावं कलम. बघ्याचा शब्द धरू नये. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मधी बोलू नका म्हणत्यात."

बबनने विचारलं, "म्हणला न्हाईत ना, आप्पा?"

आप्पांनी मान हलवली. नाही.

बबनने राजा उचलला. त्याच्या राजाला त्या डावात एकही शह लागलेला नव्हता. त्याने अडीच घरांची उडी मारली आणि राजा उंटाच्या वाटेतून बाहेर नेऊन ठेवला. घाईत ठेवल्यामुळे तो घराच्या एका कडेला, रेघेला टेकून उभा राहिला. आप्पा त्या राजाकडे बराच वेळ बघत होते. त्यांचा डावा हात पुढे आला तेव्हा मला वाटलं, आता पट उधळतात. त्यांनी बबनचा राजा चिमटीत धरला आणि घराच्या बरोबर मध्यावर, चारी बाजूंना सारखा समास सोडून, नीट उभा केला. मग हात मागे घेऊन ते पुढच्या खेळीचा विचार करू लागले.